हायब्रिड फ्लोअरिंग स्वतः बसवताना: फळीच्या आधी खालची जमीन बघा

मेलबर्नजवळच्या आमच्या टार्नीटच्या घरात हॉलमधून लॉन्ड्रीकडे वळताना एक जागा होती. तिथे पाय पडला की ‘टक्’ असा आवाज यायचा. पाहुण्यांच्या लक्षात यायचा नाही, मला मात्र ओट्यापाशी उभ्या उभ्या कळायचं, कोण कुठे निघालंय ते. त्या जागी काँक्रीटमध्ये जेमतेम पाच मिलिमीटरचा खळगा होता. काम सुरू करायच्या आदल्या रात्री तो मला दिसला होता आणि मी नवऱ्याला म्हटलं होतं, “जाऊ दे, फळीखाली झाकला जाईल.” झाकला गेलाही. दीड वर्षाने तिथल्या फळीचं लॉक, म्हणजे शेजारच्या फळीत अडकणारी कड, तुटलं.

त्यानंतर ओळखीच्या चार घरांत गुडघे टेकून फळ्या बसवल्या आणि प्रत्येक ठिकाणी तेच दिसलं. लोक रंग निवडण्यात तीन आठवडे घालवतात आणि खालची जमीन तपासायला तीन मिनिटं देत नाहीत. मेलबर्नच्या पश्चिमेला नवीन घर घेतलेल्या मराठी कुटुंबांसाठी हे लिहितेय. बिल्डरने दिलेला कार्पेट काढून हायब्रिड घालायचं ठरवलेले तुमच्यापैकी बरेच असतील. दुकानदार सांगत नाही तेवढंच सांगते.

१. हायब्रिड म्हणजे काय, आणि ‘वॉटरप्रूफ’ म्हणजे काय नाही

ऑस्ट्रेलियात जे ‘हायब्रिड’ नावाने विकतात तेच भारतात ‘एसपीसी’ (स्टोन-प्लास्टिक कंपोझिट) म्हणून मिळतं. लॅमिनेटसारखी एकमेकांत अडकणारी फळी आणि व्हायनिलसारखं पाणी न पिणारं अंग, अशी ही सरमिसळ. फळी आडवी कापून पाहिली तर सगळ्यात वर पारदर्शक झीज-थर, त्याखाली लाकडाचं चित्र छापलेली फिल्म, मग चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी एकत्र दाबून केलेला कडक गाभा, आणि बहुतेक फळ्यांच्या तळाला चिकटवलेला पातळ फोम. गाभा फेसाळ, हलका असेल तर तो डब्ल्यूपीसी (वूड-प्लास्टिक कंपोझिट). तो पायाला मऊ लागतो, पण जड फर्निचरखाली दबतो आणि उन्हात जास्त पसरतो. बाजारात बहुतेक माल एसपीसीच आहे, आणि मी तोच घ्या म्हणेन.

आता ‘वॉटरप्रूफ’. फळी वॉटरप्रूफ असते, जमीन नाही. फळी बादलीत बुडवून ठेवलीत तरी फुगणार नाही. पण डिशवॉशर गळला तर पाणी कडेच्या फटीतून खाली उतरतं आणि फळी वॉटरप्रूफ असल्यामुळेच ते वर येऊन वाळत नाही. खाली कुबट वास धरतो आणि वर सगळं छान दिसत राहतं. म्हणून न्हाणीघरात हे घालू नका. लॉन्ड्रीत घालायचं असेल तर खालचं वॉटरप्रूफिंग नियमाप्रमाणे शाबूत हवं. इथे ओल्या जागांसाठी एएस ३७४० हे मानक आहे, आणि हायब्रिडची फळी त्या थराची जागा घेऊ शकत नाही.

२. आधी घर कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

नवीन इस्टेटमधलं घर असेल तर खाली काँक्रीटचा स्लॅब असतो. तो सुकला आहे की नाही, एवढाच प्रश्न. ठोकताळा असा की स्लॅबच्या दर २५ मिलिमीटर जाडीला साधारण एक महिना. म्हणजे १०० मिलिमीटरच्या स्लॅबला चार महिने, हिवाळ्यात जास्तच. किल्ल्या मिळाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात फ्लोअरिंग घालायची घाई करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

जुनं घर घेतलं असेल, विशेषतः १९९० च्या आधीचं, तर थांबा. जुन्या व्हायनिलच्या पाठीला, जुन्या टाइल्समध्ये किंवा त्यांच्या काळ्या डिंकात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ऑस्ट्रेलियात त्यावर संपूर्ण बंदी ३१ डिसेंबर २००३ पासून आली, तेव्हा त्याआधीच्या कुठल्याही घरात शंका घेतलेली बरी. खरवडू नका, घासू नका, ‘एक कोपरा उचलून बघू’ तर मुळीच नको. नाटा (प्रयोगशाळांना मान्यता देणारी इथली संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्या, आणि निघालंच तर काढायला परवानाधारक माणूस बोलवा.

लाकडी खांबांवर उभ्या असलेल्या घरात जमीन चालताना लवते का, खिळे वर आलेत का, जमिनीखाली हवा खेळते का ते पाहा. लवणारी जमीन तशीच ठेवून वर फळ्या घातल्या तर लॉकं तुटणारच.

फ्लॅट असेल तर आधी समितीचं पत्र. न्यू साऊथ वेल्समध्ये कार्पेट काढून कडक जमीन घालणं हे २०१५ च्या स्ट्रॅटा (फ्लॅटच्या इमारतींच्या) कायद्यानुसार ‘किरकोळ नूतनीकरण’ ठरतं आणि त्याला मंजुरी लागते. व्हिक्टोरियात तुमच्या ओनर्स कॉर्पोरेशनचे, म्हणजे इथल्या सोसायटीचे, नियम वाचा. दोन्हीकडे बहुधा आवाजाच्या चाचणीचा अहवाल मागतात. खाली राहणाऱ्याला तुमच्या मुलांचं धावणं ऐकू जाऊ नये, हा मुद्दा आहे. दुकानातून तो अहवाल माल घेण्याआधी मागून घ्या.

३. फळी निवडताना

फळीची जाडी विचारलीत की दुकानदार ‘आठ मिलिमीटर’ सांगतो. त्यात खालचा दीड मिलिमीटर फोम धरलेला असतो, म्हणजे कामाचा गाभा साडेसहा. दोन नमुने शेजारी ठेवताना फोम वगळून तुलना करा.

झीज-थर वेगळा विचारा. ०.३ मिलिमीटर बेडरूमला पुरतो. हॉल, स्वयंपाकघर आणि येण्याजाण्याची वाट असेल तर ०.५ च्या खाली जाऊ नका. कुत्रा असेल किंवा घरात रोज दहा माणसं वावरत असतील तर ०.७.

लॉक हातात घेऊन बघा. दुकानातले दोन नमुने मागा, एकमेकांत अडकवा, काढा, पुन्हा अडकवा. जीभ, म्हणजे दुसऱ्या फळीच्या खाचेत बसणारी कड, पातळ, कुरकुरीत वाटली तर ती फळी स्वस्त असली तरी महाग पडेल.

रंगाबद्दल माझं मत फक्त इतकंच: एकदम गडद रंग घेऊ नका. दुपारी पडद्याआडून तिरकं ऊन आलं की पोळीच्या पिठाचा कण न कण दिसतो. एकदम फिकट घेतलात तर केस दिसतात. मधला, किंचित राखाडी छटेचा ओक घ्या आणि सुखी राहा. नमुना घरी आणून, जमिनीवर ठेवून, सकाळी आणि रात्री दिव्यात बघा. भिंतीला टेकवून नाही.

वॉरंटीच्या कागदावर ‘लाइफटाइम’ असतं ते बहुधा गाभ्यापुरतं. झीज-थराची मुदत वेगळी लिहिलेली असते, आणि वाफेचा मॉप वापरला किंवा जमीन सपाट नव्हती असं निघालं की तीही गेली. तरी एक लक्षात असू द्या. छापील वॉरंटी काहीही म्हणो, ऑस्ट्रेलियन ग्राहक कायद्याची हमी तिच्यापलीकडे लागू राहते. तोंडी ‘वॉरंटी संपली’ ऐकून परत फिरू नका.

४. मोजमाप: इथे कागद-पेन्सिल काढा

क्षेत्रफळ काढून दहा टक्के जादा धरायचे. आमच्या हॉलचं उदाहरण घेते. ५.४ गुणिले ४.२ मीटर, म्हणजे २२.६८ चौरस मीटर. दहा टक्के धरून साधारण २४.९५. एका खोक्यात २.१ चौरस मीटर माल होता, म्हणून १२ खोकी. त्यावर एक खोकं राखीव म्हणून घेतलं. ते का, ते शेवटी कळेल.

दुसरं गणित कुणी सांगत नाही. शेवटची ओळ किती रुंदीची येईल ते पहिली फळी टाकायच्या आधी काढा. खोलीची रुंदी ४२०० मिलिमीटर. दोन्ही भिंतींशी दहा-दहाची फट सोडली की उरले ४१८०. फळी २२८ रुंद असेल तर १८ पूर्ण ओळी बसतात आणि शेवटी ७६ मिलिमीटरची चिंधी उरते. ती दिसायला वाईट आणि बसवायला त्याहून वाईट. मग एक पूर्ण फळी आणि ती चिंधी मिळवून निम्मे करा: २२८ अधिक ७६, म्हणजे ३०४, त्याचे निम्मे १५२. पहिली ओळ १५२ ची कापा, मध्ये १७ पूर्ण ओळी, शेवटची पुन्हा १५२. दोन्ही भिंती सारख्या दिसतात.

फळ्यांची दिशा खोलीच्या लांबीला धरावी. लांब, अरुंद पॅसेज असेल तर तो ज्या दिशेला धावतो तीच पुढे न्या. सलग जमीन किती मीटरपर्यंत चालते आणि कुठे जोडपट्टी द्यावी लागते हे प्रत्येक कंपनीच्या पत्रकात असतं. ‘आम्हाला मधे पट्टी नको’ म्हणून हा आकडा ओलांडू नका.

५. हत्यारं आणि कागद

हत्यारं फार लागत नाहीत. टेप, पेन्सिल, गुण्या, दोन मीटरची सरळ ॲल्युमिनियम पट्टी, पाणसळ, धारदार कटर आणि भरपूर पाती, रबरी हातोडा, ठोकायचा ठोकळा, शेवटच्या ओळीसाठी वाकडी ओढपट्टी, भिंतीलगत फट राखायच्या प्लास्टिकच्या पाचरी, जिगसॉ, छोटी पहार आणि व्हॅक्यूम. दाराच्या चौकटी खालून कापायला मल्टिटूल लागतं. ते विकत न घेता एका दिवसाच्या भाड्याने आणा. गुडघ्यांचे पॅड विसरू नका. मी पहिल्या दिवशी विसरले होते, दुसऱ्या दिवशी जिना चढता येईना. काँक्रीट घासायचं असेल तर पी२ (बारीक धूळ अडवणारा) मास्क आणि मागे व्हॅक्यूम जोडलेलं यंत्र हवंच, कारण त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात जाऊन बसते.

एका फाइलमध्ये हे ठेवा:

- बिल, त्यावर मालाचा बॅच क्रमांक
- त्याच मॉडेलचं बसवण्याचं पत्रक, ढोबळ नको
- वॉरंटीचा कागद
- फ्लॅट असेल तर समितीचं मंजुरीपत्र
- ओल आणि सपाटी तपासतानाचे फोटो, तारखेसकट

शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. तक्रार केली की कंपनीचा माणूस पहिल्यांदा ‘जमीन सपाट होती का?’ हेच विचारतो. फळ्यांखाली गाडलेल्या जमिनीचा पुरावा नंतर कुठून आणणार?

खोकी घरी आली की सगळ्यांवरचा बॅच क्रमांक एकच आहे ना बघा. ज्या खोलीत घालायच्या तिथेच आडवी ठेवून एक-दोन दिवस राहू द्या. गॅरेजमध्ये उभी नकोत.

६. जुना कार्पेट काढणं

कार्पेट कटरने मीटरभर रुंदीच्या पट्ट्यांत कापा आणि गुंडाळत जा. खालच्या फोमचे तुकडे आणि स्टेपल हाताने वेचावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, मुलांना दर स्टेपलला पाच सेंट देऊन करून घ्या.

मग भिंतीलगतची काटेरी लाकडी पट्टी. तिला इथे ‘स्मूथ एज’ म्हणतात. नाव कुणी ठेवलं देव जाणे, तिच्यावर खिळ्यांची टोकं वर करून बसवलेली असतात. पहारीने उचकटताना काँक्रीटचे टवके उडतात आणि जमिनीत वाटीएवढे खड्डे पडतात. घाबरू नका, ते पडतातच. पण ते पॅचिंगच्या मिश्रणाने भरायचे, फळीखाली सोडायचे नाहीत. भिंतीलगतच सगळ्यात जास्त खड्डे असतात आणि लोक नेमकी तीच जागा ‘कडेला आहे, कोण बघतंय’ म्हणून सोडतात.

स्कर्टिंग काढायचं की ठेवायचं? ठेवलंत तर फट झाकायला समोर गोलट पट्टी मारावी लागते. काम लवकर होतं, पण नंतर केलेलं वाटतं. काढून परत लावलंत तर देखणं दिसतं. काढताना वरच्या कडेचा रंग आणि सिलिकॉन आधी कटरने चिरा, नाहीतर भिंतीचा प्लास्टर सोबत सोलून येतो.

७. सपाटी आणि ओल: सगळा जीव इथे लावा

दोन मीटरची पट्टी जमिनीवर ठेवा आणि खालून टॉर्च मारा. जिथे उजेड दिसतो तिथे खळगा, जिथे पट्टी सी-सॉसारखी डोलते तिथे उंचवटा. पत्रकात बहुधा दोन मीटरमध्ये तीन मिलिमीटर एवढीच सूट असते, तुमच्या मालाचा आकडा बघून घ्या. खोली चौकटी-चौकटीने तपासा, उभी आणि आडवी. खळगे निळ्या खडूने, उंचवटे लाल खडूने. नंतर दुरुस्ती करताना आमची उकललेली जमीन पोळ्याच्या बैलासारखी रंगली होती.

तीन मिलिमीटरने काय बिघडतं? लॉकची जीभ काही मिलिमीटरांचीच असते. खळग्यावर फळी अधांतरी राहते, प्रत्येक पावलाला लवते, आणि जीभ दिवसातून शंभर वेळा वाकते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच. एसपीसीचा गाभा कडक म्हणून त्याला वाकणं सोसत नाही. ‘कडक आहे म्हणून खड्डा झाकेल’ हा समज उलटा आहे.

उंचवटे घासायचे, खळगे भरायचे. मोठा भाग असेल तर आधी प्रायमर, मग सेल्फ-लेव्हलिंगचं मिश्रण. प्रायमर टाळू नका, नाहीतर वरचा थर पापडासारखा सुटतो. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच, मोजून. आपल्याकडची ‘अंदाजाने’ची सवय भजीच्या पिठाला ठीक. मिश्रण वीस मिनिटांच्या आत हातातून जायला लागतं, म्हणून दोघं हवीत: एकाने कालवायचं, दुसऱ्याने ओतायचं. आणि त्याचं नाव काहीही असो, ते स्वतःहून फार सपाट होत नाही. काटेरी रोलर फिरवावा लागतो.

ओल बघायची सोपी युक्ती: अर्धा मीटरचा जाड प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि दोन-तीन दिवस ठेवा. खाली थेंब किंवा काळसर डाग दिसला तर थांबा. ही फक्त चाहूल आहे. शंका आली तर मीटरने मोजणारा माणूस बोलवा. पत्रकात ओलरोधक प्लास्टिक घाला म्हटलं असेल तर ते २०० मायक्रॉनचं घ्या, पट्ट्या एकमेकींवर चढवून टेप मारा.

आणि एक सापळा. फळीला खाली फोम चिकटवलेला असताना ‘अजून मऊ लागेल’ म्हणून दुसरा फोम अंथरू नका. दोन फोमांवर फळी डुगडुगते आणि पुन्हा लॉकवरच येतं. दुकानात तो दुसरा फोम आग्रहाने विकतात.

८. डिशवॉशर आणि दारं, फळ्यांच्या आधी

स्वयंपाकघरात टाइल्सवरच फळ्या घालणार असाल तर टाइल्स ठोकून बघा. पोकळ वाजणाऱ्या काढा, रुंद सांधे भरून घ्या. मग डिशवॉशर बघा. समोरची जमीन आठ मिलिमीटरने वर आली की ओट्याखाली बसवलेला डिशवॉशर आत कोंडला जातो. बिघडल्यावर तो बाहेर काढता येत नाही, ओटा तरी उचला नाहीतर जमीन तरी फोडा. आधीच बाहेर ओढा, त्याच्या खालीही फळी न्या, पाय आत फिरवून उंची जुळवा आणि परत सरकवा.

दारं उघडतात का तेही आत्ताच बघा. एक तुकडा दाराखाली सरकवून दार फिरवा. चौकटीच्या लाकडाला फळीच्या आकाराची खाच पाडायचा प्रयत्न करू नका, कुणालाच जमत नाही. फळीचा तुकडा उलटा ठेवून, त्यावर मल्टिटूल आडवं टेकवून चौकट खालून कापा आणि फळी तिच्याखाली सरकवा.

९. फळ्या बसवणं

इथपर्यंत नीट केलं असेल तर उरलेलं सोपं आहे.

तीन-चार खोकी एकदम उघडा आणि फळ्या मिसळून घ्या, नाहीतर एकाच गाठीचं चित्र शेजारी शेजारी येतं. प्रत्येक फळी उजेडात बघा. सदोष फळी एकदा बसवली की तुम्ही ती पसंत केली असाच अर्थ धरतात.

पहिल्या ओळीची भिंतीकडची जीभ कापून टाका. पाचरी लावून पत्रकातली फट ठेवा, बहुधा आठ ते दहा मिलिमीटर. ही ओळ दोरी ताणून सरळ करा, भिंतीवर विश्वास ठेवू नका. पुढच्या ओळी तिच्या मागे चालतात, तिचा वाकडेपणा खोलीभर जातो.

कापायला करवतही लागत नाही. वरून कटरने दोन-तीनदा जोर देऊन रेघ मारा, कडेवर ठेवून मोडा, खालचा फोम चिरा. लांबीत कापायला आणि पाइपांभोवती जिगसॉ.

ओळीचा उरलेला तुकडा ३०० मिलिमीटरपेक्षा लांब असेल तर त्यानेच पुढची ओळ सुरू करा. शेजारच्या ओळींचे सांधे एका रेषेत किंवा जिन्याच्या पायऱ्यांसारखे येऊ देऊ नका.

लांब बाजू तिरकी धरून खाचेत घाला आणि खाली टेकवा. टोकाची बाजू काही फळ्यांत वरून दाबून बसते, काहींत तीही तिरकी करून. पत्रकातलं चित्र बघा. चुकीच्या पद्धतीने हातोडा घातलात तर टोकाचं लॉक आतून फुटतं. वरून काहीच दिसत नाही, सहा महिन्यांनी फट दिसते. प्रत्येक सांध्यावर नख फिरवा. नख अडकलं तर काढून परत लावा. फळीवर थेट हातोडा नको, मध्ये ठोकळा हवा.

फट फक्त भिंतीलगत नसते. पाइप, दाराची चौकट, सरकत्या दाराची पट्टी, स्वयंपाकघरातला मधला सुटा ओटा (आयलंड), सगळीकडे हवी. ही जमीन कुठेही चिकटवलेली नाही. ती एक मोठी सतरंजी आहे आणि तिला हलायला जागा हवी. म्हणून तिच्यावर किचन कॅबिनेट बसवू नका, आणि दार अडवायचा स्टॉपर फळीतून स्क्रूने खाली पिळू नका. एका ओळखीच्यांनी तो पिळला. पुढच्या जानेवारीत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, हॉलच्या मधोमध फळ्या तंबूसारख्या वर आल्या.

उन्हाचंही तेच. इथे सूर्य उत्तरेकडून जातो हे आपल्या डोक्यात लवकर बसत नाही. उत्तर आणि पश्चिमेच्या मोठ्या काचांमागे, बाहेर चाळीस अंश असताना, फळी अनवाणी पायाला चटका देण्याइतकी तापते. तिथे फट नीट ठेवा आणि दुपारी पडदे ओढा.

शेवटची ओळ प्रत्येक फळीला वेगळी मोजा आणि ओढपट्टीने ओढून बसवा. मग पाचरी काढा. (आमच्या दोन अजून स्कर्टिंगमागे आहेत.) स्कर्टिंग किंवा गोलट पट्टीचे खिळे भिंतीत जायला हवेत, फळीत नाही.

१०. माणूस लावून करून घेणार असाल तर

लेखी कोटेशनमध्ये या गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्या: जुना कार्पेट काढणं आणि टाकणं, सपाटी करण्याचा दर, स्कर्टिंग, जोडपट्ट्या, सामान हलवणं. ‘लेव्हलिंग त्या दिवशी बघू’ म्हणणाऱ्याला थांबवा. त्या दिवशी घर रिकामं असतं, कामगार दारात उभे असतात आणि तुम्ही कुठलाही आकडा मान्य करता. किंवा लेव्हलिंग होतच नाही. त्याच्याकडे दोन मीटरची पट्टी आहे का, एवढं विचारा. उत्तरातून माणूस कळतो.

११. भारतातून विचारणाऱ्यांसाठी थोडं

पुण्याच्या बहिणीने विचारलं म्हणून लिहिते. व्हिट्रिफाइडवर एसपीसी घालता येतं, पोकळ लाद्यांची वरचीच अट. तळमजला असेल तर ओलीची चाचणी मे महिन्यात करू नका, ऑगस्टमध्ये करा. आणि दिवाळीच्या साफसफाईला बादलीभर पाणी ओतून खराट्याने ढकलायची सवय असेल, तर हे फ्लोअरिंग घेऊ नका.

१२. निगा

माती आणि वाळू हा पहिला शत्रू. दाराबाहेर आणि आत, दोन्हीकडे पायपुसणं ठेवा. पण तळाला रबर असलेलं नको. रबरातली रसायनं झीज-थरात उतरून पिवळट-तपकिरी डाग पडतो आणि तो निघत नाही. व्यायामाच्या मॅट, रबरी चाकांच्या खुर्च्या, फर्निचरच्या पायांचे रबरी बूच, सगळ्यांना हे लागू आहे. पायांना नमद्याच्या चकत्या लावा आणि वर्षातून एकदा बदला.

व्हॅक्यूमचा फिरता ब्रश बंद ठेवा. पुसायला घट्ट पिळलेलं मायक्रोफायबरचं फडकं आणि सौम्य, पीएच न्यूट्रल क्लीनर. वाफेचा मॉप, ब्लीच, तारेची घासणी बाद. फिनाईलचा थर साचून जमीन चिकट, मळकट दिसते, त्यामुळे तेही नको.

आता आपल्या घरांतल्या खास गोष्टी, ज्या कुठल्याच पत्रकात नाहीत. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. ती पायाखाली आली की सँडपेपरसारखी घासते. पाटावर किंवा काळ्या कागदावर काढा, आणि उचलताना झाडू नका, व्हॅक्यूम करा. हळद सांडली तर लगेच पुसा. पिवळी झाक राहिलीच तर उन्हाने हळूहळू उतरते. निरांजन, धूप, कापूर यांच्याखाली ताम्हन हवंच. निखारा पडला तर फळी जळत नाही, वितळते, आणि तो डाग घासून जात नाही. गौरी-गणपतीच्या चौरंगाखाली जाड सतरंजी, लोखंडी खिळ्यांच्या पाटांना तर रोजच. नारळ बाहेरच्या काँक्रीटवर फोडा.

पाणी सांडलं तर पुसा, एवढंच. पण यंत्र गळून पाणी कडेपर्यंत गेलं असेल तर पुसून समाधान मानू नका. स्कर्टिंग काढा, कडेच्या ओळी सोडवा आणि खालचं वाळू द्या. लॉक पद्धतीचा हाच फायदा आहे, जमीन भिंतीकडून उलटी उकलता येते.

आमची ‘टक्’ वाजणारी फळी तशीच काढली. लॉन्ड्रीकडच्या भिंतीपासून सहा ओळी उकलल्या, प्रत्येक फळीच्या पाठीवर पेन्सिलने क्रमांक घातला, खळगा भरला, एक दिवस वाळू दिला आणि राखीव खोक्यातली फळी बसवली. दुकानात तोवर तो रंग बंद झाला होता. उरलेल्या फळ्या आता पलंगाखाली आडव्या आहेत, गॅरेजच्या उकाड्यात नाहीत, आणि खोक्यावर मार्करने रंगाचं नाव, बॅच क्रमांक आणि ‘टाकू नये’ असं लिहिलंय.